हातचा एक

आज सकाळी मी फ्रिजचं दार उघडून बराच वेळ उभा होतो. आतला पिवळा दिवा तोंडावर पडला होता, गारवा पावलांवर उतरत होता, आणि समोर कालचं वरण, अर्धं लिंबू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर, लोणच्याची बरणी अशी सगळी मंडळी कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसल्यासारखी माझ्याकडे पाहत होती. आपल्यापैकी कुणाला तरी पसंत करायला हा आला आहे, अशी त्यांची समजूत. माझीही तीच समजूत होती. बाहेरच्या खोलीतून उठलो तेव्हा आपण कशासाठी उठतो आहोत हे मला स्वच्छ ठाऊक होतं. मधल्या बारा पावलांत ते कुठंतरी सांडलं. अर्ध्या लिंबाच्या चेहऱ्यावर तर उगाच आशा दिसू लागली. रिकाम्या हातानं परतणं बरं दिसेना, म्हणून एक काकडी उचलली, दार लावलं आणि बाहेर येऊन बसलो. “आत्ता काकडी?” बायकोनं वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं. मी पूर्ण विचारांती निर्णय घेतलेल्या माणसासारखा हुंकार दिला. काकडीचा पहिला घास चावताना आठवलं, की मी चष्मा शोधायला आत गेलो होतो. फ्रिज मी उघडलाच नव्हता. तो हातानं उघडला होता, जुन्या ओळखीवर.

अशा वेळी आधी वय आठवतं, मग विज्ञान धीर द्यायला येतं. अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठातल्या गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांनी सहकाऱ्यांसह 2011 साली दारांवर एक निबंध प्रसिद्ध केला. एका टेबलावरची वस्तू उचलायची आणि दुसऱ्या टेबलापर्यंत न्यायची, एवढंच काम त्यांनी लोकांना दिलं होतं. कधी त्याच खोलीत, कधी तेवढ्याच अंतरावर पण मधे एक दार. दार ओलांडून गेलेल्यांना आपण काय नेत होतो हे सांगताना जास्त अडखळायला झालं. मन म्हणे प्रत्येक खोलीला नवा प्रवेश समजतं आणि मागच्या प्रवेशावर पडदा टाकून मोकळं होतं. उंबरठ्याचा हा स्वभाव आपल्या घरांना आधीपासून ठाऊक असावा. उंबरठ्यावर बसू नये, शिंकू नये, तिथं उभं राहून देणंघेणं करू नये. नरसिंहानंही हिरण्यकशिपूसाठी नेमकी हीच जागा निवडली, ना आतली ना बाहेरची. आणि नवी नवरी घरात येते तेव्हा उंबरठ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवतात, ते पायानं लवंडून ती आत पाऊल टाकते. त्या एका पावलात मागच्या घरातलं काय काय सांडत असेल, हे कुणी मोजलेलं नाही. माप तिथंच असूनही.

तसा मी विसराळू नाही. लालबागच्या आमच्या चाळीत जिन्याची सातवी पायरी सैल होती आणि तिच्यावर पाय पडला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा झोपेतच एकदा भुंकायचा, हे मला आजही आठवतं. ती पायरी, तो कुत्रा आणि ती चाळ, तिन्ही आता नाहीत. माझ्या डोक्याच्या माळ्यावर मात्र ती व्यवस्थित रचून ठेवलेली आहेत. सांडतं ते या माळ्यावरचं नव्हे. सांडतं ते आत्ताचं, या क्षणी हाताशी लागणारं, जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या आयुष्याचं. त्याला मानसशास्त्रात ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात. हे नाव ऐकलं की मला सार्वजनिक बांधकाम खात्यातले कार्यकारी अभियंता आठवतात. साम्य आहेच: सगळी कामं त्यांच्याच टेबलावरून पुढं सरकतात, टेबल लहान असतं, आणि आपण पोचतो तेव्हा ते नेमके जागेवर नसतात. पण या स्मृतीचं एक नाव मला याच्याही आधी, तिसरीच्या वर्गात भेटलं होतं, आणि अजून मला तेच बरं वाटतं. हातचा.

आठ आणि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. बाईंनी फळ्यावर पाच लिहिला आणि तो एक कुठंच लिहिला नाही. “हातचा एक,” असं म्हणून त्यांनी नुसती मूठ मिटली. मी त्या मुठीकडे पाहत राहिलो. त्यात खडू होता हे मला दिसत होतं. एक मात्र दिसत नव्हता. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलानं हे प्रकरण फारच मनावर घेतलं. तो हातचा आला की डावी मूठ घट्ट आवळून धरी आणि पुढची बेरीज होईपर्यंत सोडत नसे. एकदा ऐन हातच्यात त्याला खोकला आला, त्यानं तोंडावर हात नेला आणि मूठ उघडली. पुढं किती तरी वेळ तो बाकाखाली पाहत होता. आम्ही हसलो. आता वाटतं, वर्गात त्या कल्पनेचं खरं रूप एकट्या त्यालाच कळलं होतं. बेरीज म्हणजे खाली मांडलेले आकडे नव्हेतच. बेरीज म्हणजे एक आकडा मांडून होईपर्यंत दुसरा न सांडता धरून ठेवणं. पाटीवर दिसतं ते उत्तर, आणि अक्कल असते ती मुठीत.

ही मूठ केवढी, याचा हिशेब जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1956 साली मांडला. एक आकडा गेली काही वर्षं आपला पिच्छा पुरवतो आहे, अशा तक्रारीनं त्यानं निबंधाला सुरुवात केली. तो आकडा म्हणजे सात, दोन इकडे किंवा दोन तिकडे. ऐकवलेले अंक, अक्षरं, शब्द माणूस एका दमात साधारण एवढेच परत म्हणू शकतो. सात म्हटल्यावर जगाला बरं वाटलं. सात वार, सात सूर, सप्तर्षी, सात समुद्र, सगळं कसं जुळून आलं. पण मनाशी घोकण्याची आणि दोन-तीन गोष्टींची एक मोळी बांधण्याची वाट बंद केली, तर मुठीत खरोखर किती राहतं हे पाहत नेल्सन कोवान 2001 साली पोचले ते चारापाशी. निम्म्यावर आल्याचं पुष्कळांना वाईट वाटलं असेल. मराठी माणसाला मात्र वाटायचं कारण नाही. चार घास खाऊन जा, चार पैसे गाठीला बांध, चार बुकं शिक, चार लोक काय म्हणतील, चारचौघांत असं बोलू नये, चार गोष्टी सांगतो त्या ऐक. आपल्याकडे ‘थोडं, पण पुरेसं’ याचं माप कधी सात नव्हतंच. पाचवी गोष्ट सांगायला गेलो तर समोरच्याच्या मुठीतून पहिली निसटते, हे आपल्या थोरांना ठाऊक असावं. नंतरच्यांना मात्र त्याचा विसर पडलेला दिसतो, विशेषतः सत्कारसमारंभात ‘दोन शब्द’ बोलायला उभं राहणाऱ्यांना.

धरून ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मी गावी भात मोजताना पाहिलं. मे महिन्यात आम्ही कोकणात गेलो की ओटीवर काका पायली घेऊन बसत. पहिली पायली भरून ओतताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मग दुसरी भरेपर्यंत लाभ, लाभ, लाभ असं चालू. दुसरी ओतली की दोन, दोन, दोन, दोन. तो आकडा काकांच्या ओठांवर घाण्याच्या बैलासारखा फिरत राही आणि पुढचा आकडा येऊन त्याला सोडवी. अॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच या इंग्रज जोडीनं 1974 साली कार्यकारी स्मृतीचा जो नकाशा काढला, त्यात अशा आवाजाच्या पुनरावृत्तीसाठी वेगळी खोली आहे, चित्रांसाठी एक फळी आहे, आणि दोन्हींवर देखरेख करणारा एक कारभारी आहे. आवाजाच्या खोलीचा कायदा एवढाच, की साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल तेवढंच तिथं राहतं. बाकीचं फिरून येईपर्यंत विरलेलं असतं. आणि मधे दुसरा आवाज घुसला तर असलेलंही जातं. म्हणून मोजणी चालू असताना ओटीवर बोलायची बंदी असे. आजी एका वेंधळ्या जावयाची गोष्ट सांगायची. सासुरवाडीला त्यानं दिंडं खाल्ली, बायकोकडून करून घ्यावीत म्हणून वाटभर ‘दिंडं, दिंडं’ घोकत निघाला. वाटेत ओहोळ आडवा आला, ‘हुप्प’ म्हणून उडी मारली, आणि घरी जाऊन बायकोच्या मागं लागला, मला हुप्प करून दे. आम्ही लोळून हसायचो. तो जावई मूर्ख नव्हता, त्याच्या आवाजाच्या खोलीत ओहोळ शिरला होता, हे कळायला मला बॅडलीसाहेबांपर्यंत यावं लागलं.

दोन सेकंदांच्या या कायद्यानं भाषाभाषांत भेद केला आहे. वेल्श आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा येणाऱ्यांना वेल्शमध्ये आकडे कमी लक्षात राहतात, असं 1980 साली आढळलं, तेव्हा त्यांची बुद्धी काही भाषेगणिक घटत-वाढत नव्हती. वेल्श आकडे उच्चारायला जरा लांब, एवढंच. मग मराठीचं काय सांगावं? आपण 75 लिहिताना आधी सात लिहितो आणि म्हणताना आधी पंच म्हणतो. सांगणारा ‘पंच’ म्हणाला की ऐकणाऱ्यानं तो पाच हातचा धरायचा, हत्तराची वाट पाहायची, ते आलं की सात आधी मांडायचा आणि मग मुठीतला पाच. 79 तर त्याहून कठीण: आधी ऐंशीच्या घरी जायचं आणि एक पायरी उतरून परत यायचं. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ म्हणण्याची पद्धत आली आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. विधिमंडळापर्यंत विनोद पोचले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांचा लहान मुलांना त्रास होतो. जर्मन भाषेतही आपल्यासारखेच आकडे उलटे बोलतात, आणि ती बोलणाऱ्या पहिलीतल्या मुलांच्या आकडे लिहिण्यातल्या चुका पाहिल्या, तर कितीतरी या उलटापालटीच्याच निघतात, हे त्याआधी दहा वर्षं ऑस्ट्रियातल्या अभ्यासात दिसलं होतं. मी स्वतः मनानं ‘एकवीस’वाल्यांच्या बाजूचा. त्रेसष्ट या शब्दात जो ठसका आहे तो ‘साठ तीन’ला कुठून येणार? पण परवा कुणी मोबाइल नंबर विचारला तेव्हा मी ‘नाइन एट टू’ अशीच सुरुवात केली. भाषेवरचं प्रेम आणि दोन सेकंदांची खोली यांत माझी खोली जिंकली.

एवढीशी मूठ, आणि तिच्यावर विचाराचा सगळा डोलारा. यमू शांतेपेक्षा मोठी, गोदू यमूपेक्षा मोठी, तर सगळ्यांत धाकटी कोण? उत्तर सोपं आहे, पण ते मिळेपर्यंत तिघींनाही एका बाकावर बसवून ठेवावं लागतं, आणि तीन मुली एका बाकावर शांत बसल्याचं कुणी पाहिलं आहे? प्रश्न सोडवणं म्हणजे बहुतेक वेळा इतकंच: सुटे तुकडे एकदम समोर ठेवायचे, त्यांच्यातलं नातं दिसेपर्यंत एकही पळू द्यायचा नाही. अमेरिकी हवाई दलाच्या जवानांच्या चाचण्या घेऊन काइलोनेन आणि क्रिस्टल यांनी 1990 साली पाहिलं, तर तर्काच्या कसोट्या आणि कार्यकारी स्मृतीच्या कसोट्या इतक्या हातात हात घालून चालताना दिसल्या, की तर्कशक्ती म्हणजे या मुठीपेक्षा फारसं वेगळं काही नाहीच की काय, असा त्यांनी शीर्षकातच सवाल केला. त्या शीर्षकात एक कंस आहे आणि शेवटी प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह शेजारी शेजारी उभी आहेत. शास्त्रज्ञाला आपल्याच निष्कर्षाचं आश्चर्य वाटल्याचा इतका प्रामाणिक पुरावा क्वचित छापला गेला असेल. पुढच्यांनी तो दावा बराच सौम्य केला, नातं दाट आहे पण दोघं एक नव्हेत असं म्हटलं, आणि ते उद्गारचिन्ह मात्र तिथं एकटंच भुवया उंचावून उभं राहिलं.

पण मग माझ्या मावशीचं काय करायचं? तिला फ्रिजपर्यंत जाताना चार गोष्टी आठवत नाहीत, पण लग्नाच्या हॉलच्या दारात उभी राहून ती पाच मिनिटांत सगळा पट वाचते. तो निळ्या शर्टातला म्हणजे नवरीच्या आतेबहिणीचा दीर. तो डाव्या खुर्चीवर बसला, म्हणजे मेहुण्याशी अजून बोलणं नाही. आणि त्याची आई पुढच्या रांगेत, म्हणजे जमिनीचा वाद मिटलेला दिसतो. मी यमू-शांतेपाशी अडखळतो तोवर ती तीन पिढ्यांवरून फिरून आलेली असते. चेस आणि सायमन यांनी 1973 साली बुद्धिबळपटूंत हेच पाहिलं. खऱ्या डावातला पट पाच सेकंद दाखवला की पटाईत खेळाडू बहुतेक मोहरे जागच्या जागी मांडतो, नवखा चार-पाचांवर थांबतो. पण तेच मोहरे कसेही विस्कटून ठेवले, की पटाईत खेळाडू जवळजवळ नवख्याच्याच पंक्तीला येऊन बसतो. मावशीला गर्दीच्या लोकलमध्ये उभं करा, तीही आपल्याइतकीच हरवलेली दिसेल. मूठ कुणाचीच फार मोठी नसते. काहींना गाठोडं बांधता येतं. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं 230 तासांच्या सरावानंतर एका दमात ऐकलेले 79 अंक म्हणून दाखवले होते. तो धावपटू होता. 3492 ऐकलं की त्याला चार अंक ऐकू येत नसत. मैलाच्या शर्यतीतली 3 मिनिटं 49.2 सेकंदांची झकास वेळ ऐकू येई. अंकांऐवजी अक्षरं दिल्यावर हा 79 चा धनी सहावर आला. धावपट्टी संपली होती.

आमच्या आजोबांचं गाठोडं पाढ्यांचं होतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची ती भव्य औटकी. कुणी साडेतीन रुपयांचे सतरा नारळ म्हटलं की आजोबा हिशेब करत नसत. उत्तर आतून आपोआप उठून दारात येई, आणि मोकळ्या राहिलेल्या डोक्यात ते नारळवाल्याच्या मुलाच्या शिक्षणाची चौकशी करत. आजीकडे पाढे नव्हते, तिच्याकडे पदर होता. लक्षात ठेवायचं असलं की पदराला गाठ. दुपारी ती गाठ हातात घेऊन ओसरीवर बसलेली मला दिसे, बोटानं चाचपत, गाठीकडूनच काही कळतं का ते पाहत. गाठ आठवण देई की आठवायचं आहे. काय, ते ती सांगत नसे. तरी आजी ती सोडत नसे. “कुणाचं तरी काहीतरी राहिलं आहे,” एवढंच म्हणे. आता विचार करतो तेव्हा वाटतं, माणसाची निम्मी संस्कृती या लहान मुठीच्या लाजेतून निघाली असेल. दुधाचे खाडे कॅलेंडरवर, उधारी वाण्याच्या चोपडीत, सुतकाचे दिवस भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांत. हात मोठा असता तर आपण कशाला लिहिलं असतं, आणि आठवण करून दे, असं कुणाला कशाला सांगितलं असतं?

आमच्या घरात विसराळूपणाचा मान आईकडे होता. साखरेच्या डब्यात चहाची पूड, दोनदा मीठ पडलेली आमटी, देवघरात सापडलेली सांडशी, असे तिचे किस्से आम्ही पाहुण्यांना ऐकवत असू, आणि तीही पदर तोंडाला लावून हसे. गेल्या काही वर्षांत मला त्या किश्शांच्या तारखा दिसू लागल्या आहेत. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. वडील साचेखात्यात होते. आमटीत दोनदा मीठ पडलं ते त्या पावसाळ्यात. तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला: तीच माणसं, तशीच तुटलेल्या चित्रांची कोडी, एकदा ऊस तुटण्याआधी हात आखडलेला असताना आणि एकदा पैसे आल्यावर. आधी कोडी कमी सुटली, नंतर जास्त. त्या अभ्यासावर पुढं शास्त्रज्ञांत वादही झाले. पण मी आमटी खाल्लेली आहे. बॅडली आणि हिच यांनी लोकांना सहा अंक पुटपुटत ठेवायला सांगून वर तर्काचे प्रश्न घातले होते, तेव्हा त्यांना वेळ जास्त लागला, चुका मात्र फारशा वाढल्या नाहीत. आईचं तेच चाललं होतं. वाण्याचे किती, खोलीचं भाडं कधी, माझी फी, धाकटीचे बूट, आजीचं औषध, वडिलांच्या गप्प बसण्याचा आजचा कितवा दिवस. सहाच्या सहा अंक ओठांआड फिरत होते आणि वर आम्ही विचारत होतो, आज जेवायला काय? ती सावकाश उत्तर द्यायची. चूक एवढीच व्हायची, की कधी मीठ दोनदा. घरातल्या ज्या माणसाला आपण विसराळू म्हणतो, त्याच्या मुठीत बहुधा आपलेच हातचे असतात.

काकडी संपवून मी पुन्हा चष्म्याच्या शोधात निघालो. या वेळी उंबरठा ओलांडताना ‘चष्मा, चष्मा’ म्हणत होतो, वाटेत ओहोळ नव्हता. स्वयंपाकघरात आई खाली चटईवर बसली होती. दिवाळी आठवड्यावर आली आहे. चकलीची भाजणी अजूनही तीच लावते, ऐंशी उलटली तरी, आणि घरात वजनकाटा असूनही गावाहून आणलेल्या पितळी मापट्यानंच. समोर परात, बाजूला तांदळाचा डबा. मापटं भरायचं, तळहातानं वरचे दाणे सारखे करायचे, ओतायचं. तिच्या नाकावर एक चष्मा होता, आणि तो तिचा नव्हता. “अगं, हा तर माझा...” एवढं माझ्या तोंडून गेलं आणि मग मला तिचे ओठ दिसले. ते हलत होते. हलायचे थांबले.

आईनं मान वर केली. माझ्याच चष्म्यातून तिचे डोळे मोठे मोठे दिसत होते. “किती झाली रे?” तिनं विचारलं. मी परातीकडे पाहिलं. “चार?” म्हणालो. “चार असतील?” म्हणाली. मग आम्ही दोघं त्या तांदळाच्या ढिगाकडे बघत बसलो. ढीग आजीच्या गाठीसारखा, काहीतरी झालं आहे एवढंच सांगणारा. लहानपणी याच गुन्ह्याला ओटीवर धपाटा मिळाला असता. आई हसली. परात उचलायला तिला जड जात होती म्हणून एका बाजूनं मी धरली, आणि दोघांनी मिळून सगळे तांदूळ पुन्हा डब्यात ओतले. मी तिथंच चटईवर बसलो. चष्मा मागितला नाही. तो योग्य ठिकाणी होता. तिनं मापटं भरलं, तळहात फिरवला, माझ्याकडे पाहिलं. या खेपेला माझेही ओठ तयार होते.

“लाभ,” आई म्हणाली.

लाभ, लाभ, लाभ, लाभ.